दहा मिनिटांचा नियम

निवृत्तीला चार महिने उरले होते, तेव्हा ऑफिसने माझ्याकडे एक एआय एजंट तपासायला दिला. चंद्रपुरातली आमची कंपनी लहानशी. औषधाच्या दुकानावरच्या तीन खोल्या, नऊ माणसं आणि एक कूलर. तो कूलर चंद्रपूरच्या उन्हाळ्यातही कॉम्प्युटरकडे तोंड करून असायचा, आमच्याकडे पाठ. सर, म्हणजे आमचे मालक, माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "मॅडम, नव्या मुलामुलींचा फार आग्रह आहे. महिनाभर वापरून पाहा. घ्यायचा की नाही ते तुमच्या अहवालावर ठरवू."

मी हो म्हटलं. जाता जाता सोपं काम मिळालं, असं वाटलं.

आधी आमचा धंदा सांगते. आम्ही रपट्यांचं काम करायचो. रपटा म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल. चामोर्शी सोडून मुलचेऱ्याकडे जंगलात शिरलं की असे रपटे जागोजागी लागतात. पावसाळ्यात नाला भरला की पाणी रपट्यावरून वाहतं आणि पलीकडची गावं तुटतात. गाव तुटण्याची लोकांना सवय आहे. जीव जातो तो "एवढ्या पाण्यातून तं आरामात निघतो" म्हणणाऱ्याचा. आम्ही रपट्याला पाण्याची उंची मोजणारा सेन्सर लावायचो. तो दर मिनिटाला आकडा पाठवायचा. पाणी धोक्याच्या रेघेवर गेलं की भोंगा वाजायचा आणि गावातल्या लोकांना, बस डेपोला मोबाइलवर संदेश जायचा. मधला सगळा विचार प्रोग्राम करायचा, आणि तो प्रोग्राम मी लिहायचे.

असे प्रोग्राम लिहिण्याच्या एका पद्धतीला रिॲक्टिव्ह म्हणतात. साधा प्रोग्राम म्हणजे घरी दहादा फोन करून "पाहुणे आले का?" विचारणारा माणूस. रिॲक्टिव्ह प्रोग्राम विचारत बसत नाही. पाहुणे आले की काय करायचं ते तो आधीच सांगून ठेवतो. आकडे एकामागून एक येत राहतात आणि त्यांच्या वाटेत आपण नियम बसवलेले असतात. एक नियम चुकीचे आकडे गाळतो, एक दोन रपट्यांचे आकडे जोडून पाहतो, एक म्हणतो, जरा थांब, मग बोल. कुठे कुठला नियम बसवायचा यातच सगळी अक्कल लागते. या नियमांच्या काही ठरलेल्या रचना आहेत, आणि त्या सुचवणं हेच त्या एजंटचं काम. त्याला साध्या भाषेत अडचण सांगायची. तो आपला प्रोग्राम वाचणार, रचना सुचवणार, लिहून देणार आणि स्वतःच तपासूनही दाखवणार.

माझ्या मदतीला प्राची होती. भद्रावतीची मुलगी, वडील आयुध निर्माणीत. रोज एसटीने ये-जा करायची आणि बसमध्येच निम्मं काम उरकून यायची. पहिले दहा दिवस आम्ही दोघी त्या एजंटवर खूश होतो. मी ज्याला दोन दिवस घेतले असते ते तो चहा निवेपर्यंत करून द्यायचा. वर कारणही सांगायचा, आणि तेही नम्रपणे.

अकराव्या दिवशी प्राचीने त्याला आमची जुनी, नेहमीची तक्रार दिली. सेन्सरखाली फांदी अडकली, म्हशी उतरल्या, की आकडा उडी मारतो आणि खोटी सूचना जाते. काय करावं?

एजंटने सुचवलं: आकडा बदलला की लगेच बोलू नका. तो दहा मिनिटं एका जागी टिकला तरच खरा माना. मध्ये पुन्हा बदलला तर दहा मिनिटं नव्याने मोजा. या रचनेला डिबाउन्स म्हणतात. त्याने प्रोग्राम लिहिला, चोवीस चाचण्या लिहिल्या, चोवीसही पास.

"मॅडम, एक नंबर ना?" प्राची म्हणाली.

मी उठून खिडकीशी गेले. तोच नियम, तीच दहा मिनिटं. बारा वर्षांपूर्वी मी स्वतःच्या हाताने तो बसवला होता.

ते दिवस माझ्या नोकरीतले सगळ्यात चांगले होते. मी मूळची चामोर्शीची. वडील आठवडी बाजारात शिलाई मशीन घेऊन बसायचे, मी विहारातल्या अभ्यासिकेत शिकले. त्यामुळे रपट्यांचं काम निघालं तेव्हा सरांना सांगितलं, तिकडचं मी बघते. सेन्सर पिशवीत, लॅपटॉप मांडीवर, एसटीची खिडकी. दोन्ही बाजूंना भाताची रोवणी चाललेली, गुडघाभर चिखलात बाया, मध्येच सागाचं जंगल. गावात उतरलं की कुणीतरी खाट टाकायचं, चहा यायचा आणि मग प्रश्न. एका ग्रामसेवकाची मागणी होती की त्याच भोंग्यावर ग्रामसभेचं बोलावणंही व्हावं. "तसेबी लोकं येत नाईत मॅडम, पूर आला समजून तरी येतीन." एका सेन्सरच्या डबीत गांधीलमाश्यांनी घर केलं होतं, आणि मी आठ दिवस प्रोग्राममध्ये चूक शोधत होते.

आमच्या सगळ्यात अवघड रपट्यावर डोमाजीभाऊ होते. जातीने ढिवर, आयुष्य तलावात आणि नाल्यात मासे धरण्यात गेलेलं. पावसाळ्यापुरते रपट्यावर राखणदार म्हणून आमच्या कामातूनच लागले होते. रपट्याच्या खांबावर रंगवलेली पट्टी पाहून आकडा वहीत लिहायचा आणि भोंगा वाजला की फाटक पाडायचं, एवढं काम. मशीन लावायला गेले त्या दिवशी त्यांनी सेन्सरकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "बाई, ह्याले पानी दिसते, का नुसतं मोजता येते?"

मी हसण्यावारी नेलं होतं.

त्या पहिल्या पावसाळ्यात खोट्या सूचनांनी उच्छाद मांडला. फांदी अडकली की संदेश, म्हैस बसली की संदेश. रपट्यापलीकडे मुलचेऱ्याच्या बाजूला बंगाली लोकांची गावं आहेत. तिथले किराणा दुकानदार बिस्वासदादा मला दुकानाबाहेर गाठून म्हणाले, "दीदी, तुमचा मशीन बहुत झूठ बोलते. आता आमी फोन बघतच नाही." मला ते फार लागलं. सूचना कुणी वाचतच नसेल तर ती कशाला द्यायची? मी दहा मिनिटांचा नियम लिहिला. ऑफिसात निळ्या ड्रमवर सेन्सर टांगून मगाने पाणी ओतून पाहिलं. मगभर पाणी ओतलं की आकडा हलायचा, थांबायचा, दहा मिनिटांनी बरोबर सूचना यायची. मधेच हात फिरवला तर येत नव्हती. मी खूश. खोट्या सूचना बंद झाल्या. बिस्वासदादांनी पुढच्या खेपेला रसगुल्ला खाऊ घातला.

भाद्रपदातली एक दुपार. वर जंगलात पाऊस झाला होता, इथे ऊन होतं. नाला चढू लागला. एका लयीत, न थांबता चढत राहिला. दर मिनिटाला नवा आकडा, आणि प्रत्येक नव्या आकड्याला माझा नियम म्हणत होता, थांब, अजून दहा मिनिटं. पाणी कुठेच थांबत नव्हतं, म्हणून नियमही थांबूनच राहिला. धोक्याची रेघ गेली, रपटा बुडाला, भोंगा गप्प. डोमाजीभाऊंना सांगितलेलं होतं की भोंगा वाजला की फाटक पाडायचं. तरी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवर विसंबून अलीकडचं फाटक पाडलं आणि चामोर्शीहून आलेली बस दुपट्टा हलवून थांबवली. पलीकडच्या बाजूला त्यांचा आवाज पोचला नाही. तिकडून शाळा सुटून मोटरसायकलवर एक गुरुजी आले. भोंगा नाही, म्हणजे जाता येईल, असा त्यांनी हिशेब केला.

मोटरसायकल गेली. गुरुजी पन्नास हातांवर बेशरमाच्या झुडपांत अडकले. डोमाजीभाऊंनी आणि बसमधल्या दोघांनी जाळ्याचा दोर टाकून त्यांना ओढून काढलं. पाय दोन ठिकाणी मोडला होता. गुरुजी वाचले, पण आजही लंगडत चालतात.

पाणी पुरतं वर जाऊन स्थिर झालं, दहा मिनिटं टिकलं, आणि मग आमचा संदेश सगळ्यांच्या मोबाइलवर पोचला: सावधान.

डोमाजीभाऊंचा फोन त्याआधीच आला होता. "बाई, तुमची मशीन झोपली का?" मी आकडे पाहिले आणि एका मिनिटात मला कळलं. मी त्यांना रडत रडत सांगितलं, "भाऊ, मशीन नाही, माझी चूक आहे."

पण कागदावर ते आलं नाही. सरांनी अहवाल तयार केला: नेटवर्क कमकुवत असल्याने सूचनेला विलंब. "मॅडम, कंपनी बुडेल. प्रोग्राम दुरुस्त करा, झालं," ते म्हणाले. मी तो नियम काढून टाकला, आणि अहवालाखाली सहीही केली. त्या अहवालावरून रपट्याजवळ उंच अँटेना बसली. पुढच्या वर्षी, आम्हाला काम देणाऱ्या सरकारी खात्याच्या वरच्या ऑफिसने विचार केला की यंत्र चांगलं आहे, नेटवर्कही चांगलं झालं, मग माणसं कशाला? सगळ्या रपट्यांवरचे राखणदार काढले. ज्याने बस थांबवली त्याचंच काम गेलं. माझ्या सहीमुळे.

हे सगळं मी प्राचीला खिडकीत उभी राहून सांगितलं. बारा वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी. सगळं ऐकून ती म्हणाली, "मॅडम, त्या दिवसाचे आकडे आहेत का आपल्याकडे? एजंटला तेच देऊ."

नव्हते. जुना सर्व्हर बदलला तेव्हा गेले. ते एकाच ठिकाणी असण्याची शक्यता होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीने निघालो. त्या रस्त्याला मी कित्येक वर्षांत गेले नव्हते. चामोर्शीत बाजाराचा दिवस होता. वडील बसायचे त्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकणारा बसला होता. मी प्राचीला ती जागा दाखवली. तिने त्याच्याकडून एक कव्हर घेतलं, बहुधा मला बरं वाटावं म्हणूनच.

डोमाजीभाऊ अंगणात जाळं दुरुस्त करत बसले होते. खूप वाळले होते, पण ओळखायला क्षणही लागला नाही. "अवो बाई! कुठी होत्या एवढे दिवस? सुनीता, चाय ठेव वो!" सुनीता त्यांची सून. तिने चहा ठेवला आणि आमच्यासाठी खाट ओढली.

मी त्या पावसाळ्याची वही मागितली. त्यांनी पेटीतून काढून दिली. प्लास्टिकच्या पिशवीत, पावसाळ्याप्रमाणे ओळीने ठेवलेल्या वह्या. तो दिवस सापडला. वेळ आणि पट्टीवरची रेघ, खाली खाली लिहीत गेलेलं, शेवटच्या ओळी ओल्या बोटांनी पुसट झालेल्या. प्राचीने पाहिलं आणि म्हणाली, "भाऊ, वेळा सारख्या का नाहीत? कधी चार मिनिटं, कधी दीड."

"घड्याळ पाहून नाई लिवलं पोरी. पानी एक रेघ चढे, तव्हाच लिवत होतो. चढलंच नाई तं काय लिवाचं?"

प्राची माझ्याकडे पाहून हसू लागली. जी रिॲक्टिव्ह पद्धत शिकायला मी पुण्याला पंधरा दिवस प्रशिक्षणाला गेले होते, ती हा माणूस खांबाशी उभा राहून वापरत होता. पण मला हसू आलं नाही. मी त्यांना म्हटलं, "भाऊ, त्या वेळी कागदावर नेटवर्कचं कारण लिहिलं होतं. खाली माझी सही होती. तुमचं काम त्यामुळे गेलं."

त्यांनी जाळ्याची गाठ पूर्ण केली. "मले मालूम होतं," ते म्हणाले. "फोनवर तुमी रडून सांगितलं, चूक माही आहे. मंग कागदावर दुसरंच आलं. मी म्हटलं, बाईच्या मागं बी कोनी असन."

"तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"मी सांगून काय झालं असतं? तुमी सांगाले पाह्यजे होतं."

त्यांचा आवाज चढला नव्हता. म्हणूनच मान वर करवेना. सुनीताने चहाचे कप खाली ठेवले आणि गुपचूप आत गेली.

ऑफिसात येऊन प्राचीने वहीतले आकडे भरले, त्या दिवसाचं पाणी जसंच्या तसं एजंटच्या प्रोग्राममधून सोडलं. अपेक्षा होती तेच झालं. रपटा बुडाला तरी सूचना नाही. मग आम्ही त्याच्या चोवीस चाचण्या उघडल्या. सगळ्यांत पाणी उडी मारायचं, थांबायचं, पुन्हा उडी मारायचं. एकाही चाचणीत ते चढत राहत नव्हतं. प्रश्नपत्रिकाही त्याचीच, उत्तरंही त्याचीच. मला आमचा निळा ड्रम आठवला. मगभर पाणी ओतलं, थांबलं. मी तरी काय वेगळं केलं होतं?

प्राचीने त्याला वहीतले आकडे दाखवून विचारलं, हे चुकलं कुठे? त्याने क्षणात ओळखलं. लिहिलं की डिबाउन्स इथे घातक आहे, चढत्या पाण्यात तो कधीच बोलणार नाही. फांदीची उडी गाळायला त्याने वेगळा उपाय दिला: शेवटचे पाच आकडे चढत्या क्रमाने लावून त्यांतला मधला घ्या. चढताना धोक्याची रेघ ओलांडली की लगेच सूचना द्या, आणि धीर धरायचा तो फक्त पाणी उतरताना, फाटक उघडण्याआधी. शिवाय न विचारता त्याने सांगितलं की आकडे येणंच बंद झालं तर तोही धोका समजा. हे शेवटचं कळायला मला चार पावसाळे लागले होते. मला त्याचा रागही आला आणि कौतुकही वाटलं. असा कुणी शेजारच्या खुर्चीत त्या वर्षी असता तर माझं कुठे चुकतंय का, हे मी त्याला विचारलं असतं का? खरं सांगायचं तर नसतं विचारलं. मला माझ्या नियमाची खात्री होती.

अहवाल लिहायला मला सहा दिवस लागले. एजंट घ्यावा असंच मी लिहिलं. पण त्याच्या सूचना त्याच्याच चाचण्यांवर कधी स्वीकारू नयेत, खऱ्या पाण्याच्या जुन्या नोंदींवर ताडून पाहाव्यात, आणि प्रत्येक अवघड रपट्यावर पावसाळ्यात माणूस असावा. माणूस कशासाठी, ते सांगताना मी त्या दुपारची पूर्ण हकिगत लिहिली. नियम माझा होता, नेटवर्क ठीक होतं, अहवाल खोटा होता. बस ज्यांनी थांबवली त्यांचं नाव, आणि त्यांच्या वहीतली दोन पानं शेवटी जोडली.

सरांनी वाचलं. दार लावून घेतलं. "मॅडम, आता कशाला हे? तीन महिन्यांनी तुम्ही घरी जाल, इथे मला राहायचं आहे."

"म्हणूनच, सर. नंतर कुणाला माहीत नसेल."

"मी नाही म्हटलं तर?"

"तर मी माझ्या नावाने वरच्या ऑफिसला पाठवीन. तेव्हाची सहीही माझीच आहे."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आम्ही दोघांनी ही कंपनी एका खोलीपासून पाहिली होती. ते म्हणाले, "त्या गुरुजींना भेटायला मी दोनदा गेलो होतो. तुम्हाला सांगितलं नाही." मग त्यांनी पेन उचललं आणि माझ्या सहीशेजारी स्वतःची केली.

वरच्या ऑफिसने आम्हाला दोनदा बोलावलं, बरंच ऐकवलं. कंपनी बुडाली नाही, पण एक काम हातचं गेलं. तीन रपट्यांवर पावसाळ्यापुरते राखणदार पुन्हा नेमायला त्यांनी मान्यता दिली, आणि डोमाजीभाऊंच्या रपट्यावर सुनीताची नेमणूक झाली. ज्या दिवशी हे कळलं त्याच आठवड्यात माझा निरोप समारंभ झाला. पोरांनी मला कूलरसोबत फोटो काढायला लावला.

निवृत्त झाल्यावर मी घरी बसले नाही. श्रावणात नवा प्रोग्राम रपट्यावर चढवायला प्राची निघाली तेव्हा मीही तिच्याबरोबर गेले. डोमाजीभाऊ काठी टेकत आले होते आणि खांबाशेजारच्या दगडावर बसले होते. सुनीता फाटकापाशी. दुपारी वर पाऊस लागला आणि नाल्याचं पाणी गढूळ होऊन चढायला लागलं. प्राचीच्या लॅपटॉपवर आकडे, डोमाजीभाऊंची नजर पट्टीवर. पाण्याने रेघ गाठली आणि भोंगा वाजला. सुनीताने फाटक पाडलं.

तेवढ्यात चामोर्शीकडून बस आली. ड्रायव्हर खाली उतरला, रपट्यापर्यंत चालत गेला, वाकून पाहिलं आणि तणतणत परत आला. "काऊन थांबवलं वो? पानी रपट्यावर आलंच नाई. अजून तं डांबर दिसून राह्यलं!"

सुनीता माझ्याकडे पाहू लागली. मी काही बोलायच्या आत दगडावरून डोमाजीभाऊ म्हणाले, "दिसते तवरच थांबाचं असते गा."

ड्रायव्हरने एकदा त्यांच्याकडे, एकदा पाण्याकडे पाहिलं. मग बसमध्ये चढून त्याने इंजिन बंद केलं.